रिपोर्ट दादाकडे, गप्पा तुझ्याकडे

कारेलीबाग, बडोदे
१२ नोव्हेंबर २०२५

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

दिवाळीत तू ठेवून गेलीस तो पुण्याच्या वृद्धाश्रमाचा फॉर्म मी नीट वाचला. चोवीस तास नर्स, लिफ्ट, बाथरूममध्ये धरायला दांड्या, आयतं जेवण, आणि तुझं घर हाकेच्या अंतरावर. ऑफिस सांभाळून तू किती ठिकाणं पालथी घातली असशील आणि त्यातलं मला रुचेल असं निवडलं असशील, ते मला कळतं. पण मी येणार नाही. पुढे हातपाय थकले तर मीच तुला सांगेन. आज ते माझं सगळं काम करताहेत. हा निरोप फोनवरही देता आला असता. फोनवर जे आपलं बोलणं होत नाही, ते लिहायला बसले आहे.

रोज रात्री साडेआठला तुझा फोन येतो. बीपी किती आलं, गोळी घेतलीस का, पाणी पितेस ना, गॅसचा कॉक बंद केलास का. मी उत्तरं देते, तू ‘बरं, झोप आता’ म्हणतेस. इतक्या वर्षांत तुझ्याकडून हा फोन चुकला नाही. दादाचा फोन रविवारी, तोही आला तर आला. माझ्या गोळीचं नाव त्याला सांगता यायचं नाही. तो विचारतो, ‘काय चाललंय गं आई?’ आणि मी बोलत सुटते.

देवउठी एकादशीला विठ्ठलनाथजींच्या मिरवणुकीचा वरघोडा निघाला, तेव्हा मी समोरच्या घरातल्या शेजारीण बांबरोबर मांडवीत उभी होते. टाळांचा आवाज आधी आला, मग पालखी. पुढच्या बायका रस्त्यात फुगडी घालत होत्या. एक म्हातारे आजोबा वीणा गळ्यात घालून इतक्या तल्लीनतेने चालले होते की पोलीससुद्धा त्यांना बाजूला व्हायला सांगत नव्हता. माझ्या ओंजळीत कुणीतरी तुळशीची मंजिरी ठेवली. दादाला हे सगळं मी रंगवून सांगितलं. तुला नाही सांगितलं. तू म्हणाली असतीस, गर्दीत कशाला गेलीस, पडली असतीस म्हणजे?

मनू, करतेस सगळं तू आणि आई मिळते त्याला. तुझ्या वाट्याला माझा रिपोर्ट येतो. हा अन्याय मला सहन होत नाही, आणि तो दूर करायचं माझ्या हातात आहे म्हणून लिहिते आहे.

तू अशी का झालीस ते मला ठाऊक आहे. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला पूर आला. धोक्याची पातळी २५ फुटांची, पाणी ३५च्या वर गेलं. टीव्हीवर दर तासाला गल्लीबोळांतून हिंडणाऱ्या मगरी दाखवत होते. वीज गेली, माझा फोन बंद पडला आणि तू पुण्यात रात्र रात्र जागी. तुझ्या पोटात काय कालवलं असेल, ते मी आई आहे, मला सांगायला नको. पण इथे काय चाललं होतं ते तू कधी विचारलंच नाहीस. पाणी पायरीला लागलं तेव्हा मी आणि बांच्या मुलाने गॅसची बाटली, पिठाचा डबा, कागदपत्रांची पेटी आणि देव वरच्या खोलीत नेले. बा आणि त्यांची सून माझ्याकडेच आल्या. आम्ही खिचडी-कढी केली, मेणबत्तीच्या उजेडात जेवलो, आणि बांनी त्यांच्या लग्नाच्या वेळच्या गोष्टी सांगितल्या. मला भीती वाटली, खूप वाटली. पण मी निराधार नव्हते. तू मनात जी आई पाहिलीस ती पाण्यात एकटी अडकलेली होती, आणि तेव्हापासून तू तिलाच फोन करते आहेस.

हॉलमधला कॅमेरा मी काढून पेटीत ठेवला आहे. तू रागावशील. आपल्या घरात दुपारी बायका येतात, हे तू लहानपणापासून पाहिलं आहेस. कुणाचं सुनेशी पटत नाही, कुणाचा मुलगा पितो. त्या इथे येऊन बोलतात, रडतात, तोंड धुऊन घरी जातात. कॅमेरा लागल्यापासून त्या ओट्यावरूनच परत फिरायला लागल्या. त्यांचं बरोबर आहे. दुसऱ्याच्या घरातलं दुःख पुण्याच्या फोनवर दिसावं, असं कुणाला वाटेल?

गोळ्यांची सात खणांची डबी मात्र फार चांगली आहे, ती मी वापरते. फक्त ती भरण्यासाठी दर आठवड्याला कुणाला तरी पाठवू नकोस. मी भरते. आयुष्यभर बालवाडीत हेच शिकवलं. आमच्या शिक्षणात गिजुभाई बधेकांचं नाव पहिलं. १९२० साली त्यांनी भावनगरला बालमंदिर काढलं, पुढे आपल्या ताराबाई मोडक तिथेच जाऊन काम करत होत्या. गिजुभाईंना गुजरात अजून ‘मूछाळी मा’, मिशीवाली आई, म्हणतो. मुलाचं बटण मुलानेच लावायचं, वेळ लागला तरी शिक्षकाने हात मागे ठेवायचा, हे त्या सगळ्यांनी आम्हाला शिकवलं. तीन वर्षांच्या पोराचा जो मान आम्ही राखला, तो एकाहत्तर वर्षांच्या बाईचाही राखला जावा, असं मला वाटतं.

आता तुझ्या पणजीची गोष्ट सांगते. दादाला ती माहीत आहे, तुला सांगायची राहिली. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली सबंध राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मूल शाळेत पाठवलं नाही तर दंड. त्या दंडाच्या धाकाने तुझी पणजी शाळेत गेली. तिच्या आईला अक्षर येत नव्हतं. वाईहून मामांचं पत्र आलं की नऊ वर्षांची ही मुलगी चुलीपाशी बसून मोठ्याने वाचायची आणि आई भाकरी थापता थापता ऐकायची. एकदा मामांनी जमिनीच्या वाटणीबद्दल लिहिलं. बहिणीने हक्क सोडला असं लिहून पाठवावं, अशी त्यांची विनंती. पणजीने वाचून झाल्यावर आपलं मत दिलं, सोडून दे आई, कशाला भांडण. आईने भाकरी तव्यावर टाकली, तिच्यावर पाणी फिरवलं, आणि म्हणाली, ‘तू वाचलंस, आता मी सांगते ते लिही.’ तिने काय सांगितलं ते पणजीने आम्हाला कधी सांगितलं नाही. आईचं उत्तर आईचं, म्हणायची. एवढंच सांगायची की आपण ते एकही अक्षर न बदलता लिहिलं.

आपल्या घरात आईपेक्षा मुलगी जास्त शिकलेली, हे चार पिढ्यांपासून चालत आलं आहे. हंसाबेन मेहता कुलगुरू होत्या त्या काळात तुझी आजी बडोद्याच्या युनिव्हर्सिटीत शिकली, तिच्या आईने प्राथमिक शाळाच पाहिलेली. तरी आजी शेवटपर्यंत तिला विचारून घरातले निर्णय घ्यायची. आजीला पुढे दिसेनासं झालं, ती आपल्याकडे राहिली, तेव्हा तू कॉलेजात होतीस. मी तिला डॉक्टरांकडे नेलं की डॉक्टर माझ्याकडे बघून बोलायला लागायचे. मी माझी खुर्ची तिच्या मागे घ्यायची. मग त्यांना तिच्याशीच बोलावं लागायचं. तुला आठवतं का, परवा पुण्यात डॉक्टरांनी तुला विचारलं, ‘आईंना झोप लागते का?’ आणि तू म्हणालीस, ‘हो, लागते, पण मध्ये उठतात.’ मी तुम्हा दोघांच्या मध्ये बसले होते. माझी झोप, माझं उठणं. पुढच्या वेळी खुर्ची मागे घे, राजा. तू मला रिपोर्ट वाचून दाखव, इंटरनेटवर शोध, मला न समजलेलं समजावून सांग, वाटलं तर माझ्याशी भांड. ते तुझं कामच आहे. उत्तर मात्र मला देऊ दे.

आणि आता जे लिहायला हात धजत नव्हता ते.

मार्चमध्ये तुझ्या छातीतली गाठ काढली, हे मला दिवाळीत तुझ्या मावससासूबाईंकडून कळलं. ‘आता बरी आहे ना मनू?’ असं त्यांनी सहज विचारलं. मी हो म्हटलं आणि आत जाऊन दिव्याच्या वाती वळत बसले. रिपोर्ट चांगला आला, देवाची कृपा. पण ज्या आठवड्यात तू रिपोर्टची वाट पाहत होतीस, त्या आठवड्यातही रोज साडेआठला तू मला विचारत होतीस, गॅस बंद केलास का. तुझ्या आवाजावरून मला कळायला हवं होतं असं नाही म्हणत मी. तू कळू दिलं नाहीस. आईला टेन्शन नको, हे तुझं म्हणणं. बाळा, तुझं टेन्शन मी घ्यायचं नाही तर कुणी घ्यायचं? माझ्या डाळीत मीठ किती, हे तू ठरवू लागलीस तरी मी सोसेन. तुझ्या दुखण्यातून मला वगळलंस तर मला आई म्हणून उरायला जागा कुठे?

शिवाय त्या वेळी डॉक्टरांनी तुला विचारलं असणार, घरात आईला, आजीला, मावशीला असं कधी काही झालं होतं का. या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे आणि तुझ्याकडे नाही. ते आता लिहून घे. तू शाळेत होतीस तेव्हा माझ्याही छातीत गाठ आली होती. ती साधी निघाली. टाके होते तोवर आजी माझ्या उशाशी झोपायची. माझ्या आईकडून कुणालाच काही नाही. पण माझ्या आत्याला साठीनंतर स्तनाचा कॅन्सर झाला होता, ऑपरेशन होऊन ती पुढे पुष्कळ वर्षं जगली. बाबांच्या बाजूला असं काही नाही, पण मधुमेह आहे. हा कागद तुझ्या डॉक्टरांना दाखव, आणि आपल्या छकुलीलाही हे मोठेपणी माहीत असू दे. वेळेवर तपासायला काय सांगतात ते विचार, आणि मला कळव. मी घाबरणार नाही. घाबरलेच तर तुझ्यासमोर घाबरेन, लपवून नाही.

घराचंही लिहून टाकते, म्हणजे तो विषय मिटेल. बक्षीसपत्र करून घर आत्ताच नावावर करावं, असं जावई म्हणाले. त्यांच्या मनात काही वावगं नाही, कागदाचा त्रास वाचावा एवढंच. पण मी मृत्युपत्र केलं आहे. दोन साक्षीदारांच्या सह्या आहेत, हयात असेपर्यंत ते मला बदलताही येतं. बक्षीसपत्र एकदा झालं की झालं. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७च्या कायद्यात ते रद्द करून मागायची सोय आहे, पण त्यासाठी आईबापांना सांभाळण्याची अट त्यातच लिहून ठेवावी असं वकील सांगतात. माझ्या मुलीच्या नावापुढे मला अशी अट घालायची नाही. घर तुम्हा दोघांना सारखं. कागदपत्रांची पेटी कुठे असते ते तुला ठाऊक आहे.

तू दिवाळीत म्हणालीस, ‘आई, माझं कर्तव्यच आहे ते, कायद्यानेसुद्धा.’ खरं आहे. लग्न झालेल्या मुलीवरही आईवडिलांच्या पोटगीची जबाबदारी आहे, असं १९८७ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं, ते मला माहीत आहे. पण मला पेन्शन आहे, मला पैसे नकोत. मला तू हवी आहेस, आणि कुठलंही कोर्ट मला ती मिळवून देऊ शकत नाही. म्हणून तुझ्याकडेच मागते आहे.

मी असं ठरवलं आहे. बीपी मी वहीत लिहिते. पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकून मोजते, नाहीतर आकडा उगाच वर दिसतो. त्या पानाचा फोटो आणि जे काही रिपोर्ट येतील ते दर शनिवारी दादाला पाठवीन. त्याला मी रविवारी स्पष्ट सांगितलं, तो हो म्हणाला, थोडा ओशाळलाही. कॅनडात बसूनही कागद वाचता येतो. काही बिघडलं तर तो तुला सांगेल, आणि रात्री-अपरात्री लागलं तर बांच्या सुनेकडे किल्ली आहे, तिचा नंबर तुझ्या फोनमध्ये घालून दिला आहे. रात्रीचा फोन बंद कर असं म्हणत नाही. पण त्यात औषध, गॅस, दूधवाला हे विषय नकोत.

उत्तरायणला ये. छकुलीला गच्चीवर पतंग उडवायचा आहे, तिने मला चिठ्ठी लिहिली आहे. मी पापडी-सुरण आणून उंधियू करीन. येताना बाथरूमच्या दांड्या आणल्यास तर लावून घेऊ, त्याला माझी ना नाही.

रविवारी दहानंतर फोन कर, तोवर मी खंडेराव मार्केटहून परत येते. मार्चमध्ये काय काय झालं, कोण बरोबर होतं, रात्री झोप लागायची का, सगळं पहिल्यापासून सांग.

तुझी,
आई