गच्ची फोडायच्या आधी मलबा कुठे जाणार ते ठरवा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, जवळ आला की आपल्या इंदुरात गच्च्यांची कामं सुरू होतात. कुणाचा कोबा (स्लॅबवरचा चुना-विटांचा जुना थर) उखडायचा असतो, कुणाचं चायना मोझॅक, कुणाचे पत्रे बदलायचे, जुन्या इंदुरात अन् मल्हारगंजकडे अजून कवेलूची (कौलांची) छतं आहेत ती उतरवायची असतात, आणि सगळ्यांना घाई एकच की पंधरा जूनच्या आत आटपा. मी या वॉटरप्रूफिंगच्या धंद्यातलाच माणूस आहे, त्यामुळे केमिकल कोणतं, गॅरंटी किती वर्षांची, हे प्रश्न लोक मला रोज विचारतात. निघालेला मलबा कसा उतरवणार आणि कुठे टाकणार हे मात्र क्वचितच कोणी विचारतं, आणि कामात अर्ध्याहून जास्त त्रास तिथूनच होतो, म्हणून हे पत्र.

आधी हिशोब बघा. हजार स्क्वेअर फुटाची गच्ची आणि तीन इंच कोबा म्हणजे जागेवर अडीचशे घनफूट माल झाला. तोच फोडला की फुगतो, दीडपट धरा, म्हणजे पावणेचारशे घनफूट. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत साधारण शंभर घनफूट बसतं, म्हणजे चार ट्रॉल्या. वजन तेरा टनांच्या आसपास. तुमच्या गल्लीत ट्रॉली शिरत नसेल आणि छोटा हत्ती लावावा लागला तर तो पाऊण टनाचा, म्हणजे सतरा-अठरा फेऱ्या. हे गणित काम सुरू व्हायच्या आधी कागदावर करायला पाच मिनिटं लागतात, पण बहुतेक ठिकाणी ते होतच नाही. मिस्त्री पहिल्या दिवशी हातोडा चालवायला घेतो आणि तिसऱ्या दिवशी गच्चीवर उभं राहायला जागा नसते.

मग काय करतात, तर सगळा मलबा लोटून एका कोपऱ्यात ढीग लावतात, कमरेएवढा. हे फार धोक्याचं आहे आणि मला हेच सगळ्यात जास्त सांगायचंय. कोबा पसरलेला असतो तोवर त्याचं वजन सगळ्या स्लॅबवर वाटलेलं असतं, तेच एका जागी आणलं की गोष्ट बदलते. आयएस ८७५ मध्ये, म्हणजे इमारतीवर किती भार धरायचा त्याच्या भारतीय मानकात, वापरातल्या गच्चीसाठी जो भार धरतात तो एका चौरस मीटरला दीडशे किलोच्या जवळपास असतो. फुटलेला मलबा घनमीटरला बाराशे ते दीड हजार किलो भरतो, म्हणजे फूटभर उंच ढीग लावला तरी चौरस मीटरला चारशे किलो पडले, आणि कमरेएवढा लावला तर किती ते तुम्हीच बघा. त्यात चाळीस-पन्नास वर्षं जुना स्लॅब, खालून सळ्या गंजलेल्या (गच्ची गळते म्हणूनच तर काम काढलंय ना), वरून नवी वाळू आणि सिमेंटच्या बोऱ्या पण तिथेच ठेवल्यात. आणि मधेच एखादा पाऊस झाला तर चुन्याचा अन् विटांचा मलबा पाणी पिऊन अजून जड होतो. छज्ज्यावर किंवा बाल्कनीच्या वर ढीग लावणं तर अजिबातच नको, ते पुढे निघालेले असतात, खाली भिंतीचा आधार नसतो. ठेवायचंच असेल तर जिथे खाली भिंत किंवा बीम आहे तिथे, पातळ पसरून, आणि तेही फक्त त्या दिवसापुरतं.

रोजचा मलबा रोज खाली गेला पाहिजे, असा माझा आग्रह असतो. त्यासाठी माणसं बरोबर लावावी लागतात. आमच्या अनुभवात दोन जण फोडणारे असतील तर भरणारे आणि उतरवणारे चार तरी हवेत, नाहीतर फोडणं पुढे पळतं आणि मलबा मागे साठतो. फोडायची सुरुवात जिन्यापासून लांबच्या टोकाकडून करायची आणि जिन्याकडे सरकत यायचं, म्हणजे फोडलेल्यावरून कुणाला ये-जा करावी लागत नाही. सोपी गोष्ट आहे पण पुष्कळ मिस्त्री उलटं करतात कारण जिन्याजवळ सावली असते.

आणि उतरवायची पद्धत. वरून सरळ खाली फेकणं हे इंदुरात इतकं सर्रास चालतं की लोकांना त्यात काही वावगं वाटत नाही, खाली एक पोरगा उभा करतात, तो ओरडतो "हटो हटो" आणि वरून विटा पडतात. दुसरी पद्धत डोक्यावर तगारी घेऊन जिन्याने. धार, झाबुआ, अलिराजपूरकडच्या बाया हे काम करतात, अडीच फुटाचा जिना, एक भरलेली तगारी घेऊन उतरतेय, दुसरी रिकामी घेऊन चढतेय, वळणावर दोघी भिंतीला चिकटून एकमेकींना जागा देतायत, पायात रबरी चप्पल, पायऱ्यांवर बारीक खडी सांडलेली, तोंडाला फक्त पदर. मे महिन्याच्या उन्हात. तीन मजले. हे बघवत नाही हो, आणि पैसे वाचतात असंही नाही कारण यात दिवस दुप्पट लागतात.

याला उपाय काही महागडा नाही. शूट लावायचा, म्हणजे मलबा वरून खाली सोडायची मोठी नळी. तयार प्लास्टिकचे शूट भाड्याने मिळाले तर उत्तम, नाही तर दोनशे लिटरचे जुने लोखंडी ड्रम तळ कापून साखळीने एकाखाली एक जोडतात, वरचं तोंड पॅरापेटला पक्कं बांधायचं आणि खालचं टोक थेट ट्रॉलीच्या थोडं वर ठेवायचं. टोकाला ओलं पोतं लटकवलं की धूळ बरीच दबते, शेजाऱ्यांच्या कुलरमध्ये जात नाही. खाली दोरी बांधून रस्ता अडवायचा, माणूस उभा करायचा आणि वरच्याला खालच्याने सांगितल्याशिवाय काही टाकायचं नाही. अरुंद गल्लीत शूट बसत नसेल तर सिमेंटच्या रिकाम्या बोऱ्या वापरा पण अर्ध्याच भरा, पूर्ण भरलेली बोरी पन्नास किलोच्या जवळ जाते आणि ती खांद्यावर घेऊन जिना उतरणं म्हणजे कंबर मोडून घेणं.

काम सुरू करताना एक गोष्ट मी स्वतः बघतो ती म्हणजे पाण्याचे पाइप. गच्चीच्या नाळक्यावर, म्हणजे पाणी पाइपमध्ये उतरतं त्या तोंडावर, जाळी आणि त्यावर विटा ठेवाव्याच लागतात. पुष्कळ ठिकाणी नुसतं पोतं कोंबतात आणि ते काढायचं विसरतात, किंवा ते पोतं बारीक मलब्यासकट पाइपमध्ये उतरतं. नवीन वॉटरप्रूफिंग झालं, हजारो रुपये गेले, आणि पहिल्या जोरदार पावसात गच्चीवर तळं. मग पार्टी, म्हणजे घरमालक, म्हणते केमिकल खराब होतं. पाइप उघडून बघितला तर आत चुन्याचे तुकडे अन् सिमेंटचा गाळ दगडासारखा बसलेला.

कवेलूच्या छतांचं वेगळं आहे. तिथे मलबा म्हणून काही फेकायची घाईच करू नये. साबूत कवेलू हातोहात खाली देऊन उभे रचून ठेवले तर त्यांना गिऱ्हाईक मिळतं, सागाच्या वळ्या तर लोक शोधत येतात. लोखंडी पत्रे भंगारवाला नेतोच. खिळे आणि हुक मात्र अंगणात सांडतात, काठीला मोठं लोहचुंबक बांधून संध्याकाळी एकदा फिरवा, मुलं अनवाणी खेळतात तिथे. आणि सिमेंटचे जुने पत्रे असतील तर कृपा करून हातोड्याने फोडू नका. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतं, त्याचे बारीक तंतू श्वासातून फुप्फुसात जातात आणि त्रास कित्येक वर्षांनी दिसतो. पाणी मारून ओले करा, बोल्ट सोडवून अख्खे उतरवा, वेगळे झाकून ठेवा आणि बाकीच्या मलब्यात मिसळू नका. डांबरी शीटचे तुकडे रात्री पेटवून देणारेही बघितलेत, तो धूर सगळ्या मोहल्ल्याला खायला लागतो.

आता मलबा जातो कुठे. २०१७ पासून स्वच्छतेत आपलं शहर पहिलं आलं, ओला-सुका कचरा घराघरात वेगळा होतो, याचा मला मनापासून अभिमान आहे. देवगुराड्याला मलब्यापासून ब्लॉक बनवायची सोय पण आहे. असं असताना रात्री ट्रॉली रिकाम्या प्लॉटवर नाहीतर नाल्याच्या काठावर पालथी होते हे फार वाईट वाटतं. कान्ह आणि सरस्वती नद्यांच्या काठच्या वस्त्यांमध्ये पावसाचं पाणी शिरतं तेव्हा त्यात आपल्या गच्चीच्या कोब्याचाही वाटा असतो. केंद्राचे मलब्याचे नियम २०१६ मध्ये आले, त्यात दिवसाला वीस टन किंवा एका प्रकल्पात महिन्याला तीनशे टन काढणाऱ्यांवर जास्त जबाबदारी टाकली होती, त्यामुळे घरमालकाला वाटतं आपला काही संबंध नाही. पण रस्ता किंवा नाली अडेल असा मलबा टाकू नये हे त्यात लहान-मोठ्या सगळ्यांनाच सांगितलं होतं.

माझ्या धंद्यातल्या लोकांबद्दलही लिहायला हवं. एस्टिमेट देताना भाव कमी दिसावा म्हणून "मलबा पार्टीचा" असं तोंडी सांगून मोकळे होतात, कागदावर त्याचा उल्लेखच नसतो. मग काम संपल्यावर ढीग फाटकाशी पडून राहतो, पार्टी ठेकेदाराला फोन करते, ठेकेदार फोन उचलत नाही, शेवटी कोणीतरी ट्रॉलीवाल्याला पाचशे कमी-जास्त करून देतं आणि कुठे टाकणार ते विचारत नाही. घरमालकांनी एस्टिमेटमध्ये मलब्याची वेगळी ओळ मागावी, किती ट्रॉल्या, रोज उचलणार की नाही, कुठे टाकणार, आणि शेवटचा हप्ता गच्ची, जिना अन् रस्ता साफ झाल्यावरच द्यावा. चांगल्या ठेकेदाराला याचा राग येणार नाही, उलट जो नीट काम करतो त्याचा भाव मग महाग दिसत नाही.

महापालिकेला विनंती आहे की मे-जूनपुरतं तरी प्रत्येक झोनच्या ऑफिसबाहेर मलबा उचलण्याचा दर आणि फोन नंबर मोठ्या अक्षरात लावावा, आणि एक-दोन ट्रॉल्यांच्या लहान कामांसाठी जवळपास जागा ठरवून द्यावी, लोकांना देवगुराड्यापर्यंतचं भाडं परवडत नाही म्हणून पण प्लॉट भरतात. पालिकेचं ३११ अ‍ॅप पुष्कळांकडे आहे पण वयस्कर मंडळींना ते जमत नाही. आणि तुम्हाला विनंती अशी की हे दर आणि नंबर पालिकेकडून घेऊन नवतप्याच्या आधी एखाद्या रविवारी आपल्या पेपरात चौकटीत छापावेत. लोक कापून फ्रिजवर लावतील.

आपला,
एक वॉटरप्रूफिंग ठेकेदार
रामबाग, इंदूर