युद्ध संपले, अबोला टिकला

अमेरिकी यादवी युद्धावरील रविवारच्या पुरवणीतील लेख वाचला. लढायांची वर्णने झकास; पण लेख दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ली याच्या ९ एप्रिल १८६५ च्या शरणागतीपाशीच थांबतो. घराघरांत पुढे काय झाले?

दक्षिणेतल्या व्हर्जिनियाचे सेनाधिकारी फिलिप सेंट जॉर्ज कुक उत्तरेच्या, म्हणजे संघराज्याच्या फौजेत राहिले. मुलगा जॉन आणि जावई जेब स्टुअर्ट फुटून निघालेल्या दक्षिणेला मिळाले. स्टुअर्टने आपल्या मुलाला सासऱ्यांचे नाव दिले होते. ते बदलायचे, असे त्याने बायकोला पत्राने कळवले आणि पोराला स्वतःचे नाव लावले. पोर दोन वर्षांचेही नव्हते! १८६२ मध्ये स्टुअर्टने उत्तरेच्या सैन्याला वळसा घातला, तेव्हा पाठलागावर होते सासरेच. स्टुअर्टच्या बायकोने कोणाची खुशाली चिंतायची, नवऱ्याची की बापाची? १८६४ मध्ये स्टुअर्ट लढाईत जखमी होऊन मरण पावला. कुक बापलेकांचा अबोला मात्र युद्धानंतरही कित्येक वर्षे सुटला नाही.

पुढील लेखात डावपेचांना कात्री लावून अशा घरगुती पत्रांना जागा द्यावी. लीने २० एप्रिल १८६१ रोजी बहिणीला लिहिलेले पत्र तर हवेच. तिचा मुलगा उत्तरेकडून लढला.

– एक वाचक, सातारा