चौथं ड्रिल लावण्याआधी

प्रिय मित्रा,

पत्र मिळालं. लेथवर, म्हणजे जॉब (कापायचा तुकडा) फिरवणाऱ्या यंत्रावर, खोल भोक पाडताना एक मिलिमीटरची तीन ड्रिलं मोडली, तीही भोकाच्या आतच, हे वाचून वाईट वाटायला हवं होतं. पण खरं सांगतो, आधी हसू आलं. माझी अशी किती गेली ते मी मोजायचं सोडून दिलंय.

तू शिव्या ड्रिलच्या स्टीलला घातल्यास, पण उत्तर तुझ्याच पत्रात आहे. तिन्ही मोडली ती बारा-तेरा मिलिमीटरवर. हातातलं साधं १ मिमीचं ड्रिल बघ. त्याची एकूण लांबी ३४ मिमी, पण वळणदार खाच जेमतेम १२. ती खाच पूर्ण आत गेली की कापलेल्या धातूचा कीस बाहेर यायला वाटच उरत नाही. तो दाबला जातो, ड्रिल आवळलं जातं आणि कट्‌! तुला ३० मिमी खोल जायचंय, म्हणजे लांब मालिकेतलं ड्रिल हवं. त्यात खाच ३३ मिमी असते. पण सुरुवात त्याने करू नकोस, ते वाकून भलतीकडे जाईल. आधी फेसिंग, म्हणजे जॉबचं तोंड सपाट कापणं, इतकं स्वच्छ कर की मध्ये टिंबही राहता कामा नये. मग छोट्या ड्रिलने पाच-सहा मिमी जा आणि त्याच भोकाच्या आधाराने लांब ड्रिल आत घाल. टेलस्टॉक (जॉबसमोरचा, ड्रिल धरणारा लेथचा भाग) मध्यावर आहे का, ते डायल (बारीक फरक दाखवणारं मापक) लावून तपासलंस ना? तू त्याबद्दल काहीच लिहिलं नाहीस, म्हणून शंका येते.

आता वेग. तू घाबरून ४०० आरपीएमवर (मिनिटाला ४०० फेरे) आलास. हिशेब उलटा आहे रे! साध्या स्टीलला कापण्याचा वेग मिनिटाला २५ मीटर धरला तर १ मिमीच्या ड्रिलला जवळपास ८००० आरपीएम लागतात. तुझा लेथ २००० च्या वर जात नाही, तर निदान २००० वर चालव. वेग पाचपट कमी करून हात पूर्वीसारखाच रेटलास, तर प्रत्येक फेऱ्यात ड्रिलला पाचपट जाड कीस कापावा लागतो. काडीएवढं ते, किती सोसणार?

आणि रेटायचं कशाने, हा खरा मुद्दा. टेलस्टॉकचं चाक म्हणजे हातात जाड मोजे घालून नाडी बघण्यासारखं आहे. ड्रिल कापतंय की नुसतं घासतंय, काही कळत नाही. मी एक बुश (आरपार भोकाची नळी) टेलस्टॉकच्या चकमध्ये, म्हणजे पकडीत, धरतो. त्यात सैल सरकणारी दांडी असते आणि दांडीच्या टोकाला बारीक ड्रिल धरणारा छोटा पिन चक. दांडी अंगठा आणि तर्जनीत धरून ढकलायची. धार गेली की बोटांना लगेच कळतं. तसं कळल्यावरही ‘अजून थोडंसंच उरलंय’ म्हणून मी एकदा २८ मिमीवर दाबलं. तो जॉब अजून टेबलावर पडून आहे. पितळ असतं तर तुरटीच्या गरम पाण्यात ठेवून ड्रिल विरघळवलं असतं. स्टीलमध्ये मात्र ड्रिलबरोबर जॉबही खाल्ला जातो.

पहिले तीन मिमी सलग जा. पुढे दर मिलिमीटरला पूर्ण बाहेर, आणि दहाच्या पुढे दर अर्ध्या मिमीला. ब्रशने कीस झटक, तेल लाव, पुन्हा आत. पन्नासेक वेळा होईल, कंटाळा येतोच. लेथवर भोक आडवं असतं, त्यामुळे कीस आपोआप खाली पडत नाही. ओढून काढावा लागतो. आत गेल्यावर मात्र रेंगाळू नकोस. स्टेनलेस असेल तर नुसत्या घासण्यानेही तळ कडक होतो आणि मग ड्रिल पुढे सरकतच नाही.

एक विचारायचं राहिलं, पूर्ण ३० मिमी बारीकच लागतं का? तेलाची वाट असेल तर मागच्या बाजूने ३ मिमीचं भोक १८ मिमीपर्यंत घे. मग बारीक काम १२ मिमीच उरतं. ड्रॉइंगवाल्याला विचारून तर बघ.

लांब ड्रिलं दोन घे, एक नको. चौथं मोडलंच, तर किती खोलीवर मोडलं तेवढं मोजून कळव.

तुझाच,
लेथवाला