एव्हरसन सर कोण होते

एडिसन, न्यू जर्सी

चि. छकुलीस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू सहज विचारलंस, "बाबा, एका जुन्या कॅटलॉगमध्ये विल्यम के. एव्हरसन असं नाव सारखं येतंय, हा कोण?" आणि तेवढ्यात तुझी मीटिंग लागली. बरंच झालं. फोनवर मी 'फार मोठा माणूस होता' एवढं बोलून अडखळलो असतो. कागदावर मला नीट सांगता येतं.

जन्म ८ एप्रिल १९२९, इंग्लंडातल्या सॉमरसेट परगण्यातलं योविल गाव. एकविसाव्या वर्षी, १९५० साली, न्यूयॉर्कला आले. सुरुवातीला पोटापाण्यासाठी सिनेमा कंपनीच्या प्रसिद्धी खात्यात नोकरी, पुढे प्राध्यापकी, पुस्तकं. पण हा सगळा वरचा थर. खरा धंदा एकच, जुने सिनेमे गोळा करायचे आणि लोकांना दाखवायचे. 'गोळा करायचे' एवढंच म्हटलं तर तो माणूस अर्धाच कळेल. घरात ४,०००च्या वर चित्रपट, बहुतेक १६ एमएमवर, म्हणजे थिएटरातल्या ३५ एमएमपेक्षा अरुंद फिल्मवर. मॅनहॅटनमधल्या फ्लॅटमध्ये माणसं राहत होती की डबे, असा प्रश्न पडावा.

मी त्यांना पाहिलं ते 'न्यू स्कूल' या कॉलेजात, त्यांच्या सिनेमांच्या खेळांना. बाराव्या रस्त्यावर, ग्रीनिच व्हिलेजात. तेव्हा मी एकटा होतो, तुझी आई अजून सांगलीलाच होती. शुक्रवारी ऑफिस सुटलं की इतर मंडळी बारमध्ये जायची आणि मी तिकडे. दारात कागद हातात पडायचा. एव्हरसन सरांनी स्वतः टाईप केलेलं टिपण, सायक्लोस्टाईल केलेलं, दोन्ही बाजूंनी गच्च भरलेलं, समास म्हणून नाही. आजचा चित्रपट कोणी काढला, कॅमेरा कोणाचा, त्या वर्षी त्या कंपनीची अवस्था काय होती, ही प्रत कुठल्या आवृत्तीची आणि तिच्यात काय गाळलेलं आहे, सगळं त्यात. चित्रपट सुमार असेल तर तसंही स्पष्ट लिहिलेलं. 'हा काही थोर चित्रपट नाही, पण तिसऱ्या रिळातला पाठलाग बघा', अशा वळणाचं. मला हे फार आवडायचं. आपल्याकडे जुनं म्हटलं की हात जोडायची सवय. हा माणूस जुन्यावर जीव टाकायचा आणि तरी त्याला जुन्याचं सोवळं नव्हतं. मूकपटांच्या जमान्यातला थोर दिग्दर्शक ग्रिफिथ दाखवायचा तशाच उत्साहाने सहा दिवसांत उरकलेला घोडेस्वारांचा चित्रपटही दाखवायचा.

ही टिपणं त्यांनी कॉलेजात शिकवायला लागल्यावर सुरू केली असं समजू नकोस. न्यूयॉर्कला आल्यानंतर थोड्याच वर्षांत हौशी संग्राहकांचं एक मंडळ जमलं. त्याला त्यांनी पुढे थिओडोर हफ या अभ्यासकाचं नाव दिलं. हफ १९५३ साली वारले होते. त्या मंडळाच्या प्रत्येक खेळाला टिपण असायचंच. नंतर १९७२पासून न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीत शिकवताना आणि न्यू स्कूलमध्येही तेच. तीस-चाळीस लोकांसाठी असो की भरल्या सभागृहासाठी, मेहनत सारखीच. माझ्याकडची टिपणं एका खोक्यात आहेत. तुझ्या आईने दोनदा रद्दीत काढली होती, दोनदा मी परत आणली.

आता तुझ्या दुसऱ्या वाक्याकडे येतो, जे तू रागात बोललीस. "खासगी संग्राहक म्हणजे निम्मे चोर." तू अर्काइव्हमध्ये, जुने चित्रपट जपणाऱ्या संस्थेत, काम करतेस, तुझा राग मला समजतो. आणि खरं सांगायचं तर कायद्याच्या भाषेत तू अगदीच चूक नाहीस. अमेरिकेत स्टुडिओ प्रती विकत नसत, भाड्याने देत. टीव्ही स्टेशनांना दिलेल्या १६ एमएमच्या प्रती करार संपला की परत करायच्या किंवा नष्ट करायच्या. प्रत्यक्षात काय व्हायचं, तर नष्ट करायला सांगितलेला माणूस डबे गाडीच्या डिकीत घालून घरी न्यायचा. डिसेंबर १९७४ मध्ये एफबीआयने रॉडी मॅकडॉवल या नटाच्या घरी छापा घातला, १६०हून जास्त चित्रपट उचलून नेले. नटालाच स्वतःच्या धंद्यातल्या फिल्म घरी ठेवायची चोरी! पुढे त्याच्यावर खटला भरला नाही, पण सगळ्या संग्राहकांची पाचावर धारण बसली. कित्येकांनी डबे पोटमाळ्यावर लपवले, याद्या जाळल्या.

पण याची दुसरी बाजू बघ. अमेरिकेच्या काँग्रेस लायब्ररीने २०१३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला, तू वाचला असशीलच. १९१२ ते १९२९ या काळात अमेरिकेत जवळपास ११,००० मूक कथापट निघाले. मूळ ३५ एमएम स्वरूपात ते पूर्ण उरलेत फक्त १४ टक्के. आणखी ११ टक्के पूर्ण आहेत, पण ते एकतर परदेशी आवृत्तीत किंवा छोट्या मापाच्या फिल्मवर. ही छोट्या मापाची फिल्म कोणी सांभाळली? युनिव्हर्सल कंपनीने १९४८ मध्ये आपल्या मूकपटांचा साठा स्वतःच्या हाताने संपवला. त्याच कंपनीने वीसच्या दशकात लोकांना घरी बघायला म्हणून १६ एमएमच्या प्रती काढल्या होत्या. त्या प्रतींपैकी काही दिवाणखान्यांत, तळघरांत राहिल्या आणि वाचल्या. मालकाने फेकलं आणि हौशी माणसाने ठेवलं, असा हा उलटा न्याय आहे.

एव्हरसन सर त्या भीतीच्या काळातही लपले नाहीत. त्यांनी दारं उघडी ठेवली, आणि तेच त्यांचं संरक्षण ठरलं असावं असा माझा अंदाज. सगळ्या शहराला ठाऊक होतं की त्यांच्याकडे काय काय आहे. विद्यार्थी, अभ्यासक, महोत्सव, अर्काइव्ह, सगळे त्यांच्याकडेच मागायला यायचे, आणि ते देत. संग्राहकांच्या दुनियेत ही गोष्ट किती दुर्मिळ आहे हे बाहेरच्याला कळणार नाही. अनेकांना प्रत मिळवण्यापेक्षा ती दुसऱ्याकडे नाही याचं सुख जास्त असतं. मी अशी मंडळी जवळून पाहिलीत. एखादा दुर्मिळ दोन रिळांचा विनोदी पट कुलुपात ठेवायचा, कोणालाही दाखवायचा नाही, आणि शेवटी त्याचा व्हिनेगर होऊ द्यायचा. ॲसिटेट नावाच्या प्लास्टिकची फिल्म सडायला लागली की डबा उघडताच आंबट वास नाकात जातो, हे तुला मी काय सांगू. एक डबा सडला की शेजारच्यालाही लागण. कोंडलेल्या डब्यात ती आणखी लवकर सडते. चालणाऱ्या फिल्मला निदान वारा लागतो. (काही जुने लोक डब्यात कापराची वडी ठेवतात. उपयोग किती ते देव जाणे, पण देवघराचा वास येतो म्हणून मला बरं वाटायचं.)

मी त्यांच्याशी चार-दोन वाक्यांपलीकडे कधी बोललो नाही. त्यांच्या भोवती जमणाऱ्या मंडळींकडून मात्र खूप शिकलो. रिळ गुंडाळताना कडा अंगठा आणि बोटाच्या चिमटीत हलकी धरायची, फाटलेलं भोक किंवा सुटत आलेला जोड डोळ्याआधी बोटाला कळतो. सुती हातमोजे घालून ते कळत नाही, म्हणून काही जण एकाच हातात मोजा घालत.

सर १४ एप्रिल १९९६ रोजी गेले, सदुसष्ट पूर्ण होऊन सहा दिवस झाले होते. संग्रह रॉचेस्टरच्या जॉर्ज ईस्टमन हाउसमध्ये गेला. टिपणं आणि कागदपत्रं न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीने जपली आहेत, कोणालाही वाचता येतात. तुझ्या कॅटलॉगमध्ये नाव का सारखं येतं, ते आता आलं ना लक्षात? ज्या प्रतीवरून बाकीच्यांनी काम केलं, ती बऱ्याचदा त्यांच्या घरची होती.

म्हणून त्या कोल्हापूरच्या गृहस्थांबद्दल थोडं लिहितो. तू म्हणालीस, म्हातारा आडमुठा आहे, डबे दाखवत नाही, किंमत सांगत नाही, देतही नाही. अगं, तो माणूस गणेशोत्सवात १६ एमएमची मशीन भाड्याने फिरवणारा होता म्हणतेस ना? मग त्याच्याकडे कागद पुढे सरकवत जाऊ नकोस. आमच्या लहानपणी सांगलीला रस्त्याच्या मधोमध पडदा बांधायचे, पुढे बायका-पोरं आणि जागा उरली नाही की आम्ही पडद्याच्या मागच्या बाजूला बसायचो. तिकडून सगळे नायक डावखुरे दिसायचे आणि नावं उलटी. ती मशीन चालवणाऱ्या माणसाचा तेव्हा काय रुबाब होता! हँडलवर हात, तोंडात विडी, आणि सगळा चौक त्याच्या मर्जीवर. त्याच्याकडे पन्नास वर्षांत कोणी 'काका, एक रिळ लावून दाखवा' म्हणून गेलं असेल का? सगळे गेले ते 'विकता का' म्हणत. आपल्याकडे मूकपट सुमारे १,३०० निघाले आणि उरले ते अगदी थोडे. बोलपटांचंही फार बरं नाही. फिल्म अर्काइव्ह उभं करणाऱ्या पी. के. नायर सरांसारखा माणूस पुण्यात बसून गावोगाव पत्रं लिहीत, माणसं गाठत राहिला म्हणून जे आहे ते आहे.

तू काकांना म्हण, मला तुमच्या हाताने चालवलेला सिनेमा बघायचाय. चहा त्यांच्या घरचा घे, नको म्हणू नकोस. त्यांना रिळ ओवू दे, मध्ये हात घालू नकोस. फिल्मची कडा वाचायला मिळाली तर वाच. कोडॅकची असेल तर वर्तुळ, चौकोन, त्रिकोण अशा, फिल्म कोणत्या साली बनली ते सांगणाऱ्या खुणा दिसतील, पण त्या वीस वर्षांनी परत त्याच येतात, तेव्हा नुसत्या खुणेवर साल ठोकून देऊ नकोस. आणि ते जे सांगतील ते त्याच दिवशी लिहून काढ. कुठल्या मंडळापुढे कुठला चित्रपट, किती भाडं, पाऊस आला तेव्हा काय केलं, सगळं. डब्यांचं काय होईल ते होईल. हे सांगणारा माणूस मात्र ऐंशीच्या पुढचा आहे.

त्यांची मशीन बंद असेल तर बहुतेक दिवा गेला असणार. दिव्याच्या धातूच्या टोपीवर अक्षरं कोरलेली असतात, त्यांचा फोटो काढून पाठव. खाली बेसमेंटमध्ये माझ्याकडे जुन्या दिव्यांचं खोकं आहे. जुळणारा निघाला तर मामा डिसेंबरात पुण्याला येतोय, त्याच्या बॅगेत कपड्यांत गुंडाळून देतो. आई म्हणते, येताना त्याच्याबरोबर कोल्हापूरचा कांदा-लसूण मसाला पाठव, आणि मागच्या वेळसारखा पिशवी फाटणारा नको.

तुझा,
बाबा