नव्या ट्रेलरची चाकं एकदा उघडून बघ

कोल्हापूर

प्रिय भावा,

सप्रेम नमस्कार.

कारमागं ओढायच्या नव्या ट्रेलरचे फोटो मिळाले. वहिनींना आतला ओटा आणि खिडकी मनासारखी मिळाली, वाचून फार बरं वाटलं. मी मात्र फोटो बघता बघता चाकापाशीच थांबलो. विकणाऱ्यानं तुला सांगितलंय की गाडी नवी आहे, वर्षभर बेअरिंगकडं बघायचं काम नाही. त्यासाठीच हे पत्र. तू फोंडा घाटानं खाली मालवणला उतरणार आहेस. त्याच्या आधी दोन्ही चाकांचे हब, म्हणजे बेअरिंग बसतं तो चाकाचा मधला भाग, उघडायचे. नवी असली तरी.

नवं म्हणजे तपासलेलं, असं आपण धरून चालतो. पण ॲक्सल, म्हणजे चाकांचा आस, एका कारखान्यात जुळतो, ट्रेलर दुसरीकडं बांधला जातो, आणि मग तो विक्रीसाठी महिनोन् महिने उभा असतो. ग्रीस कुणी किती भरलं, नट किती आवळला, ग्रीस आत धरून ठेवणारी सील बसवताना तिची कड दुमडली का, हे बाहेरून कुणालाच दिसत नाही. नव्या हबात रोलरवर नुसता हात फिरवल्याएवढं ग्रीस निघालेलं मी पाहिलंय. हब ठासून भरल्यामुळं सीलमधून ग्रीस ब्रेकवर आलेलंही पाहिलंय.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. कारचं बेअरिंग जायला लागलं की घुमल्यासारखा आवाज सुरू होतो, स्टिअरिंगला आणि सीटला कळतो. ट्रेलरचं चाक तुझ्यापासून कितीतरी मागं असतं. काचा बंद, एसी चालू, पोरांचा गोंधळ. बेअरिंग तापून निळं पडेपर्यंत तुला पत्ता लागणार नाही, आणि त्यानंतर स्टबवरून, म्हणजे ॲक्सलच्या टोकावरून, चाकच निघून जाऊ शकतं. सांगणारं कुणी नसतं, म्हणून आपणच आधी बघायचं.

फोटोतल्या ॲक्सलच्या पट्टीवर ३५०० पौंड दिसतंय, म्हणजे साधारण १५८८ किलो पेलणारा. अशा ॲक्सलला बहुतेक आतलं बेअरिंग एल ६८१४९ आणि बाहेरचं एल ४४६४९ असतं. पण माझ्या शब्दावर खरेदी करू नकोस, नंबर बेअरिंगवरच कोरलेला असतो, तो वाचून घे. दोन्ही टेपर रोलर. हेन्री टिमकेन हा घोडागाड्या बांधणारा माणूस, त्यानं १८९८ साली याचं पेटंट घेतलं. वळणावर जड गाडीच्या चाकाला बाजूनं जो रेटा बसतो, तो साध्या बेअरिंगला झेपत नव्हता. तिरके रोलर वरचं वजनही घेतात आणि बाजूचा रेटाही. घाटातल्या वळणांवर तुझ्या ट्रेलरला नेमकं हेच लागणार आहे.

आता काम कसं करायचं ते सांगतो. ट्रेलर सपाटीवर, कारला जोडलेलाच ठेव, दुसऱ्या चाकाला पुढून-मागून दगड लाव, जॅक ॲक्सलच्या पुस्तकात दाखवलेल्या जागीच घे आणि खाली वजन पेलणारी घोडी ठेव. नुसत्या जॅकवर हात घालायचा नाही. चाक वर आलं की वरून-खालून धरून हलव, मग फिरवून ऐक. खरखर लागली किंवा चाक खटखट हललं तर बेअरिंगमध्ये दोष आहे समजायचं. काही लागलं नाही तरी उघडायचं आहेच. टोपी काढ, स्प्लिट पिन काढ, नट आणि वॉशर काढ, हब ओढताना बाहेरचं बेअरिंग हातात झेल. मातीत पडलं की संपलं. ज्या कपातलं, म्हणजे हबात बसवलेल्या बाहेरच्या कडीतलं, बेअरिंग त्याच कपात परत जायला पाहिजे, म्हणून डावं-उजवं वेगळ्या ताटलीत ठेव.

रॉकेलमध्ये धुवून पुसून उजेडात बघ. रोलर आणि कप आरशासारखे स्वच्छ हवेत. खड्डे, पापुद्रे, निळसर डाग दिसले तर कोन (रोलर असलेला आतला भाग) आणि कप दोन्ही बदल, एकटा कोन बदलायचा नाही. आणि कॉम्प्रेसरच्या हवेनं बेअरिंग गरगर फिरवू नकोस. कोरडं बेअरिंग त्या वेगानं खराब होतं, रोलर सुटून अंगावर येऊ शकतो.

ग्रीस लिथियम कॉम्प्लेक्स जातीचं, घट्टपणाचा नंबर एनएलजीआय २. आधीचं कोणतं आहे हे कळत नसेल तर सगळं धुऊन टाक. न जुळणाऱ्या दोन जातींची ग्रीसं एकमेकांत मिसळली की पातळ होऊन वाहू शकतात. तळहातावर गोळा घे आणि बेअरिंगची रुंद बाजू त्यात दाबत राहा, रोलरांमधून वरच्या अंगानं ग्रीस बाहेर येईपर्यंत. सगळीकडून फिरवत कर. यात घाई नको, सगळ्या कामाचा जीव इथंच आहे. सील मात्र दर वेळी नवी, जुनी परत बसवायची नाही.

आता नट, कारण चुका इथंच होतात. हब हातानं फिरवत नट साधारण ६८ न्यूटन-मीटरपर्यंत आवळ, म्हणजे रोलर जागेवर बसतात. मग हब न फिरवता नट सैल कर आणि नुसत्या बोटांनी टेकव. पिनेचं भोक जुळत नसेल तर नट थोडा मागं घे, पुढं कधीच नाही. आवळलेलं बेअरिंग तापतं, फार सैल असलं तर चाक डुलतं आणि सील खातं. आपल्याकडं 'घट्ट म्हणजे पक्कं' समजणारे पुष्कळ आहेत, कुणाच्या हातात पाना दिलास तर समोर उभा राहा.

स्टबच्या टोकाला रबराखाली ग्रीसचं निपल असेल तर तुला वाटेल, गन लावली की झालं. ते ग्रीस मागच्या बेअरिंगमागून शिरून पुढं येतं, हे खरं. पण चाक न फिरवता जोरात मारलंस तर सील सुटते आणि ग्रीस ब्रेक लायनिंगवर, म्हणजे ब्रेकच्या घासणाऱ्या पट्टीवर, जातं. मग लायनिंग पुसून भागत नाही, बदलावंच लागतं. शिवाय निपलनं बेअरिंग दिसत नाही. मधल्या काळात हातगननं, चाक फिरवत, हळूहळू दे. पण वर्षातून एकदा किंवा १९,००० किलोमीटरला, जे आधी येईल तेव्हा, उघडायचंच. नुसता उभा असलेला ट्रेलरही यातून सुटत नाही, आत दमट हवा जातेच.

पाण्याचं वेगळं सांगतो. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ ला पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं होतं, तुला आठवत असेल. पाण्यात उभ्या राहिलेल्या हबांमधलं ग्रीस ताकासारखं पांढरट निघतं. म्हणून ॲक्सलपर्यंत पाणी चढलं की तारीख बघायची नाही, उघडायचं. मालवणला किनाऱ्यावर ट्रेलर पाण्यात नेऊ नकोस. गरम हब गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि खारं पाणी सीलमधून आत ओढलं जातं.

घाट उतरल्यावर लगेच हब तपासलास तर ब्रेकमुळं दोन्ही गरमच लागतील, त्यावरून काही ठरवू नकोस. सपाटीवर अर्धा तास चालल्यावर थांब आणि तापमापी गननं डावं-उजवं बघ. एक बाजू दुसरीपेक्षा ठळक गरम असेल तर पुढं जायचं नाही. चाकाचे नट पहिल्या १६, ४० आणि ८० किलोमीटरला टॉर्क रेंचनं (आवळ मोजणाऱ्या पान्यानं) पुन्हा बघायचे, नवी चाकं जागेवर बसताना ते सैल होतात.

शनिवारी ट्रेलर घेऊन सरळ उद्यमनगरला ये. हंगामाआधी उसाच्या ट्रॉल्यांची गर्दी असते, पण सकाळी आठला जागा मोकळी ठेवतो. ग्रीस आणि पिना माझ्याकडं आहेत. सीलचा जो नंबर असेल तो मात्र पुस्तकातून बघून आधी कळव, म्हणजे शुक्रवारी आणून ठेवतो. काकूंना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा मित्र