निमीचे डोळे आणि लग्नाची तारीख

सोलापूर,
१५ मार्च

प्रिय वैशू,

तुझं पत्र परवा मिळालं. निमीचं लग्न ठरलं हे वाचून मी आईला हाक मारून स्वयंपाकघरातून बाहेर बोलावलं. आपल्या दोघींच्या मागे मागे फिरणारी ती पोर आता बोहल्यावर चढणार! पण 'मे महिन्यात लग्न, त्याआधी एप्रिलात लेसर करून चष्मा घालवून टाकतोय' ही तुझी ओळ वाचली आणि मी तिथंच थांबले. फोन केला असता तर लग्नाच्या खरेदीत ते बोलणं वाहून गेलं असतं. म्हणून लिहून पाठवतेय. निमीलाही वाचायला दे.

माझा जुना नंबर तुला माहीत आहेच, दोन्ही डोळ्यांना मायनस अकरा. चष्मा काढला की डोळ्यासमोर नऊ सेंटिमीटरपर्यंतचंच स्वच्छ दिसायचं, कारण मायनस अकरा म्हणजे एका मीटरचा अकरावा भाग. चार-पाच बोटांच्या पलीकडे सगळं पाण्यात पडल्यासारखं. दोन वर्षांपूर्वी मीही निमीसारखीच लेसर करायला निघाले होते. ज्या ठिकाणी गेले त्याचं नाव लिहीत नाही. तिथं मशीनवर नंबर काढला, पाचच मिनिटांत 'होऊन जाईल, पुढच्या आठवड्यात या' म्हणाले आणि पैसे भरायला काउंटरवर पाठवलं. त्या दिवशी पुरेसे पैसे नव्हते म्हणून मी परत आले. माझ्या बुबुळाची जाडी तिथं कुणी मोजलीच नव्हती, हे मला फार उशिरा कळलं. आजही आठवलं की पोटात गोळा येतो.

नंतर पुण्याला दाखवलं. तिथं तपासणीलाच अर्धा दिवस गेला. कॉन्टॅक्ट लेन्स दोन आठवडे आधीपासून बंद करायला लावल्या होत्या, कारण त्यांनी बुबुळाचा आकार तात्पुरता बदलतो आणि मापं चुकतात. डॉक्टरांनी मला कागदावर गणित मांडून दाखवलं. बुबुळावरचा पारदर्शक थर, कॉर्निया, साधारण ५४० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून थोडा जास्त. माझा निघाला ४७८. लेसर म्हणजे हा थर तासून त्याचा बाक कमी करायचा. लॅसिक या लेसरच्या प्रकारात आधी वरचं पापुद्र्यासारखं झाकण उचलतात, त्यात शंभर-एकशेदहा गेले. मग एका नंबरामागे अंदाजे तेरा-चौदा मायक्रॉन तासायचे. अकरा नंबराचे झाले दीडशे. उरले सव्वादोनशेच्या आसपास, आणि खाली किमान अडीचशे तरी शिल्लक राहायलाच हवेत. नाहीतर डोळ्यातल्या दाबानं तो पातळ झालेला थर पुढच्या काही वर्षांत फुगत जातो, दिसणं वाकडंतिकडं होतं, आणि तासून काढलेलं परत लावता येत नाही.

'तुमच्यासाठी लेसर नाही,' एवढंच ते शांतपणे म्हणाले. संध्याकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं परत येताना मी खिडकीकडे तोंड करून बसले होते. दौंड गेलं, कुर्डुवाडी गेलं, मी कुणाशी बोलले नाही. तेव्हा वाटत होतं, दार बंद झालं. दुसरं दार त्यांनी त्याच भेटीत दाखवलं होतं, पण मला ते ऐकूच आलं नव्हतं.

ते दुसरं म्हणजे डोळ्याच्या आत बसवायची लेन्स, सगळे आयसीएल म्हणतात. ती बाहुलीच्या मागे, आणि आपल्या जन्मजात भिंगाच्या पुढे, त्या बारीकशा जागेत बसते. बुबुळातलं काही तासत नाहीत, आतलं भिंग काढत नाहीत. आहे ते सगळं तसंच ठेवून वर एक भर घालायची. म्हणून गरज पडली तर ती काढताही येते. मला हेच सगळ्यात पटलं. पहिली अशी लेन्स १९९३ साली माणसाच्या डोळ्यात बसवली गेली. आताच्या लेन्सच्या मधोमध एक बारीक छिद्र असतं, ०.३६ मिलिमीटरचं. डोळ्यातलं पाणी त्यातून वाहत राहतं. पूर्वी त्यासाठी बुबुळाच्या रंगीत पडद्याला वेगळं छिद्र पाडावं लागायचं. छिद्राची लेन्स युरोपात आधीपासून होती, अमेरिकेनं ती २०२२ साली मंजूर केली.

आई मात्र हटून बसली. 'डोळ्यात धुळीचा कण गेला तर जीव जातो, आणि तू प्लास्टिक घालून घेणार?' तिला मी काय सांगितलं, ते तुझ्याही आईच्या उपयोगी पडेल. आमच्या गल्लीत मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेली पाच-सहा माणसं तरी आहेत, प्रत्येकाच्या डोळ्यात लेन्स आहे. ती सुरुवात लंडनच्या हॅरॉल्ड रिडली या डॉक्टरांनी १९४९ साली केली. महायुद्धात विमानाच्या काचेचे, म्हणजे खरं तर प्लास्टिकचे, तुकडे वैमानिकांच्या डोळ्यात घुसले होते आणि डोळा ते निमूट सोसत होता, हे त्यांनी पाहिलं होतं. आईनं ऐकलं, काही बोलली नाही, पण दुसऱ्या दिवशी माझी पुण्याची बॅग तिनंच भरली.

लेन्स डोळ्याच्या मापानं मागवावी लागते, त्यात काही आठवडे गेले. त्याआधी थेंब घालून मागचा पडदा तपासला, तेव्हा उजव्या डोळ्यात कडेला एक बारीक छिद्र सापडलं. त्याच्याभोवती आधी लेसरचे टाके घातले. हे लेसर वेगळं, नंबराचं नव्हे. ऑपरेशन एकेका डोळ्याचं, वेगवेगळ्या दिवशी झालं. भूल थेंबांचीच. तीन मिलिमीटरच्या छेदातून गुंडाळलेली लेन्स आत सोडली, ती आत गेल्यावर उलगडली, मग तिचे चार कोपरे एकेक करून रंगीत पडद्याच्या मागे सरकवले. मला फक्त उजेड हलताना दिसत होता आणि डॉक्टरांचा आवाज ऐकू येत होता. टाका एकही नाही. दोन-तीन तास बसवून ठेवलं, डोळ्याचा दाब मोजला आणि मगच सोडलं.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली तेव्हा समोर आई होती. वैशू, आईचा चेहरा मला मोठा दिसला. जाड मायनसचा चष्मा सगळं लहान करून दाखवतो, पण पाचवीपासून तेच पाहत आल्यामुळे मला ते ठाऊकच नव्हतं. तिच्या भुवईजवळचा तो लहानसा तीळ मी बिनचष्म्याचा, हातभर अंतरावरून पाहिला. मी तिचा हात धरून ठेवला, किती वेळ ते आठवत नाही.

आता त्रासाचंही सांगते. रात्रीच्या दिव्यांभोवती कडी दिसायची. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर आकाशपाळणा फिरत होता, त्याच्या प्रत्येक दिव्याभोवती एक पुसट वर्तुळ. मी लांब उभी राहूनच पाहिलं, धुळीत शिरले नाही. हळूहळू ती कडी जाणवेनाशी झाली, आता मुद्दाम शोधली तरच दिसतात. दुसरी गोष्ट मला कुणी आधी सांगितली नव्हती. कारखान्यात चादर तपासताना मी चष्मा वर सरकवून कापड डोळ्याजवळ न्यायची आणि तुटलेला धागा, चुकलेली वीण लगेच पकडायची. ती जवळची नजर आता गेली. आता धागे मोजायचं छोटं भिंग टेबलावर ठेवते. पहिला महिनाभर फार चुकल्यासारखं झालं. आणि चाळिशी लागायची तेव्हा लागेलच, ही लेन्स ती थांबवत नाही.

धोकेही आहेत. ही लेन्स आणि आपलं भिंग यांच्यामध्ये अंदाजे अर्ध्या मिलिमीटरचं अंतर राहावं लागतं. फारच कमी राहिलं तर आपल्या भिंगावर मोतीबिंदू धरू शकतो. फार जास्त झालं तर रंगीत पडदा पुढे ढकलला जाऊन डोळ्यातला दाब वाढू शकतो. म्हणून मापाला इतकं महत्त्व आहे, आणि म्हणून दर वर्षी तपासणी चुकवायची नाही. शिवाय मोठ्या मायनस नंबराचा डोळा लांबट असतो; नंबर गेला तरी ती लांबी कमी होत नाही, मागचा पडदा सुटायचा धोका तोच राहतो. अचानक विजा चमकल्यासारखं दिसलं किंवा कडेनं पडदा ओढल्यासारखं वाटलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. हे निमीला आजपासूनच लागू आहे. खर्चही लेसरपेक्षा बराच जास्त होतो. माझी चार वर्षांची भिशी त्यात गेली.

आता निमीचं. तिचा नंबर नऊ म्हणतेस, आणि दोन वर्षांत दोनदा वाढला म्हणतेस. वाढता नंबर असेल तर कुठलीही शस्त्रक्रिया थांबवावी लागते, निदान वर्षभर तो जागचा हलता कामा नये. आणि दिवाळीत आली होती तेव्हा ती सारखी डोळे चोळत होती. मुठीनं, जोरजोरात. तेव्हा मी फक्त 'चोळू नको गं' म्हटलं होतं. आता ते आठवून मला झोप येत नाही. चोळणं, नंबर वाढणं, त्यात तिरकस (सिलिंडर) नंबरही असेल, तर बुबुळ शंकूसारखं पुढे येत चाललंय का, हे आधी पाहायला हवं. त्याला केराटोकोनस म्हणतात. तसं असेल तर लेसर अजिबात नको. लेन्ससुद्धा लगेच नाही, आधी सीथ्रीआर नावाच्या उपचारानं बुबुळ घट्ट करावं लागतं. तसं नसेल तर मीच पहिली पेढे वाटीन.

तिला कॉर्नियाची टोपोग्राफी करायला सांग. त्यात कॉर्नियाच्या आकाराचा रंगीत नकाशा येतो, तो हातात घेऊन या. जाडी किती, तासल्यावर किती उरेल, बाहुलीपुढची जागा किती खोल आहे, कॉर्नियाच्या आतल्या थरातल्या पेशींची संख्या किती, हे आकडे तिनं स्वतः विचारावेत. ते विचारल्यावर जे वैतागतील त्यांच्याकडून उठून यावं.

तुझ्या आईला वाटत असेल, चष्मा घातलेली नवरी फोटोत बरी दिसणार नाही. त्या दिवशी एक दिवसाच्या कॉन्टॅक्ट लेन्स घालता येतील, त्याही डॉक्टरांना विचारून आणि हळदीच्या वेळी काढून ठेवून. ज्या मुलानं तिला चष्म्यासकट पसंत केलंय, त्याला काय फरक पडणार आहे?

पुण्याची वेळ मी घेऊन ठेवते. शुक्रवारी सकाळच्या हुतात्मानं मी इथून निघेन, तुम्ही दोघी तिकडून या, शिवाजीनगरला भेटू. शेंगाची चटणी आणि कडक भाकरी आणतेय, तपासणीला वेळ लागतो आणि थेंब घातल्यावर बराच वेळ नुसतं बसून राहावं लागतं. निमीला कॉन्टॅक्ट लेन्स आजपासूनच बंद करायला सांग, म्हणजे मापं बरोबर येतील. तारीख जमते का ते कळव.

तुझीच,
शुभा