पावसाळा काढल्याशिवाय प्रकल्पाला गुण नकोत

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

चिपळूणला माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी दुकानाच्या माळ्यापर्यंत चढलं. तेव्हाच ठरवलं, घरामागच्या पऱ्याची, म्हणजे ओढ्याची, पातळी कळवणारं यंत्र करायचं. डिप्लोमा करणारी पुतणी सोबतीला आली. पीव्हीसी पाईपात आवाजाच्या प्रतिध्वनीवरून पाण्यापर्यंतचं अंतर मोजणारा अल्ट्रासोनिक सेन्सर, मागे ईएसपी३२ या चिमुकल्या संगणकाचा बोर्ड.

पाणी वाढलं की मोबाईलवर मेसेज, असं आधी केलं. पहिल्याच मोठ्या पावसात वीज गेली, पाठोपाठ टॉवरही. शिवाय आई म्हणाली, “रात्रीचा मोबाईल कोण बघत बसणार रे?” मग देवघराशेजारी बॅटरीवरचा दिवा बसवला: हिरवा, पिवळा, लाल. निरोप मोबाईल टॉवरशिवाय चालणाऱ्या लोरा रेडिओने येतो. ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्याला आपल्याकडे परवाना लागत नाही. दिवा लुकलुकायचा, आईची झोप मोडायची. आता तो मंद, स्थिर जळतो. लाल झाला तरच बझर. रात्री उठली की ती जाता जाता बघते.

संगणकशास्त्रज्ञ मार्क वायझर हे नाव पुतणीकडून कळलं. अमेरिकेतल्या झेरॉक्स कंपनीच्या ‘पार्क’ (PARC) नावाच्या प्रयोगशाळेत १९८८ च्या सुमारास त्यांनी हाच विचार मांडला, की संगणक भोवतालात असा मिसळावा की तो वापरतोय हे जाणवूही नये. तिथेच नताली जेरेमिजेन्को या कलावतीने छताजवळच्या मोटरला एक दोरी टांगली होती. नेटवर्कवर वर्दळ वाढली की दोरी गरगरायची. आईचा दिवा त्याच जातीचा, याचा मला फार आनंद झाला.

हे शिकायला आम्हाला अख्खा पावसाळा लागला. कुंभारीण माशीने सेन्सरच्या तोंडाशी मातीचं घर बांधलं. सांध्यांवर हिरवा गंज चढला. ऊन पडलं की आकडा सरकायचा, कारण तापलेल्या हवेत आवाज जास्त वेगाने जातो. मग तापमानाचा सेन्सर जोडावा लागला. पुतणीच्या कॉलेजात मात्र प्रकल्प ब्रेडबोर्डवर, म्हणजे सोल्डर न करता भाग नुसते खोचायच्या पाटीवर, दहा मिनिटं चालतो, गुण मिळतात, सुटे भाग डब्यात जातात. यातली एकही अडचण तिथे येत नाही.

कोकणातल्या तंत्रनिकेतनांना माझी कळकळीची विनंती आहे: यंत्र कुणाच्या तरी घरी, होडीवर, बागेत जून ते सप्टेंबर चालू द्या आणि निम्मे गुण त्या घरच्या माणसाने द्यावेत. मुलं तयार असतील तर आमच्या पऱ्याकाठची जागा, पाईप आणि शिडी मी देतो. सोल्डरिंगही शिकवीन.

आपला,
एक टीव्ही दुरुस्ती कारागीर, चिपळूण